वाढदिवसाचं मेक्सिकन जेवण, आपल्याच शिवारातलं

वाढदिवस घरी करायचा आणि जेवण मेक्सिकन ठेवायचं, असं पोरांनी जाहीर केलं की घरातल्या मोठ्यांची पहिली शंका ठरलेली: सामान आणायचं कुठून? पुण्याच्या मोठ्या दुकानांत टॉर्टिया, नाचोज, साल्सा सगळं पाकिटबंद मिळतं. शिरूर तालुक्याच्या पूर्वेला, भीमेपलीकडच्या दौंड तालुक्याला लागून असलेल्या मांडवगण फराट्यात ते शोधत कोण फिरणार? मग दौंडला निघालेल्याच्या हातात यादी दिली जाते, नाहीतर पुण्याहून येणाऱ्या भाच्याला फोन जातो. माझं म्हणणं असं की ही यादी करूच नये. या जेवणाला जे जे लागतं, त्यातलं जवळजवळ सगळं मांडवगणच्या शिवारात, बाजारात आणि घरच्या डब्यांत आधीपासून आहे. आणि ज्या घरात माळकरी आजी, दात नसलेले आजोबा, तिखट न खाणारं लेकरू आणि झणझणीत मागणारे जावई एकाच पंगतीला बसतात, त्या घराला याच्याइतकी सोयीची मांडणी दुसरी नाही.

ही सामग्री आपल्याकडे आली कशी, हे आधी पाहू. मांडवगणच्याच पट्ट्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं आणि तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचं गाव उजेडात आणलं. तिथे जळून कोळसा झालेले धान्याचे दाणे मिळाले. त्यांत सातू होता, गहू होता, मसूर आणि वाटाणा होता. मिरची नव्हती. मका, टोमॅटो, बटाटा, भुईमूग, लाल भोपळा, राजमा यांपैकी काहीच नव्हतं, कारण ही सगळी पिकं अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकापासून पोर्तुगिजांच्या जहाजांतून ती गोव्याच्या आणि पश्चिम किनाऱ्याच्या वाटेने आत सरकत गेली. तोवर आपल्या जेवणाला तिखटपणा मिरीचा होता. ज्या मिरचीचा ठेचा आपण अस्सल देशावरचा म्हणून अभिमानाने वाढतो, ती मिरची मूळची मेक्सिकोची. मकाही तिथलाच. दक्षिण मेक्सिकोतल्या बालसास नदीच्या खोऱ्यात सुमारे ९ हजार वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी टेओसिंटे नावाच्या रानगवतातून पिढ्यानपिढ्या निवड करत तो घडवला. बागेतला चिकूही त्याच मुलखातून आलेला.

गव्हाची गोष्ट तर आपल्या आजोबांच्या आठवणीतली. १९६६ साली भारताने मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचं बियाणं आणलं. त्यात लर्मा रोहो आणि सोनोरा ६४ हे बुटके वाण होते. मेक्सिकोहून आलेल्या त्याच वंशातून निवड करून कल्याणसोना आणि सोनालिका हे वाण आपल्याकडे तयार झाले आणि हरितक्रांतीचा पाया घातला गेला. सोनोरा हा मेक्सिकोच्या उत्तरेकडचा प्रांत. दक्षिणेत मक्याची टॉर्टिया खातात, सोनोरात गव्हाची. म्हणजे कणकेची पातळ पोळी लाटून तिला टॉर्टिया म्हटलं, तर त्यात फसवणूक मुळीच नाही.

या देवघेवीत एक मराठी माणूस होता आणि त्याचं नाव आपल्या घरांत फारसं घेतलं जात नाही, याचं मला वाईट वाटतं. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे वर्ध्याचे, गदर चळवळीतले क्रांतिकारक. इंग्रज सरकारमुळे मायदेशी परतणं अशक्य झालं, तेव्हा १९२४ मध्ये ते मेक्सिकोत पोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले. मका आणि टेओसिंटे यांच्या संकरावर त्यांनी काम केलं, गव्हावर केलं, आणि गरीब शेतकऱ्यांच्या मुलांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराने मेक्सिको शहरातल्या शिक्षण मंत्रालयाच्या भित्तिचित्रांत त्यांना जागा दिली. खानखोजे पुढे भारतात परतले आणि १९६७ मध्ये नागपुरात वारले. २०२२ मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा उभा राहिला. वाढदिवसाच्या जेवणावर बसलेल्या पोरांना मका वाढताना एवढी गोष्ट सांगायला दोन मिनिटं लागतात. जरूर सांगा.

आता शाकाहाराचं. मेक्सिकोत किंवा अमेरिकेत हॉटेलात बसलात तर शेंगा-भाज्यांचे पदार्थही विचारून घ्यावे लागतात. राजमा डुकराच्या चरबीत परतलेला असू शकतो, भात कोंबडीच्या रश्शात शिजवलेला असू शकतो. पण या जेवणाचा मूळ पाया मका, घेवडा, भोपळा आणि मिरची हाच. १५१९ मध्ये स्पॅनिश लोक उतरले, त्याआधी त्या भूमीवर गाय नव्हती, डुक्कर नव्हतं, त्यामुळे चरबी आणि चीज दोन्ही मागाहून आली. चीज घातलेले नाचोज तर १९४० च्या दशकात अमेरिकेच्या सीमेवरच्या पिएद्रास नेग्रास गावात जन्मले. म्हणून घरी, तेलात, भाज्यांचं जेवण केलं तर आपण मूळ पदार्थाला कुठे कमीपणा आणतो असं मानायचं कारण नाही.

घरात माळकरी माणूस असेल तर काळजी घ्यायची ती बाहेरून येणाऱ्या वस्तूंची. केक सांगताना अंडं नको हे तर सांगाच, शिवाय त्यावरची चकचकीत जेली जिलेटिनची नाही ना, हेही विचारा. जिलेटिन जनावराच्या हाडा-कातड्यापासून करतात. चीजच्या पाकिटावर हिरवा ठिपका पाहा. मांसाहाराची खूण आता तपकिरी त्रिकोण आहे, आणि अंडं असलेल्या मेयोनीजवरही तीच असते. चातुर्मासात कांदा-लसूण न खाणारी मंडळी असतील तर त्यांच्या वाट्या आधी काढून ठेवा, मग बाकीच्यात कांदा घाला. एवढं सांभाळलं की आजीला वेगळं पिठलं करून वाढायची वेळ येत नाही. घरच्या वाढदिवसाला आजीने बाजूला बसून वेगळं जेवणं मला तरी बरं वाटत नाही.

जेवणाचा कणा घेवडा. त्यासाठी राजम्याचं पाकीट कशाला? साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातला वाघ्या घेवडा त्याच जातीचा आहे आणि त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. पंचवीस माणसांना सव्वा किलो पुरतो. रात्री भिजत घाला, सकाळी ते पाणी टाकून द्या आणि नव्या पाण्यात कुकरला पूर्ण शिजवा. इथे घाई नको. या दाण्यांत एक विषारी प्रथिन असतं, ते निदान दहा मिनिटं खळखळून उकळल्यावरच निकामी होतं. अर्धकच्चा दाणा खाल्ला तर पाहुण्यांना उलट्या होतील. शिजलेला घेवडा जिरं, लसूण आणि लाल तिखटाच्या फोडणीवर घालून डावाने निम्मा ठेचा, निम्मा अख्खा ठेवा. मऊ भाग आजोबांना चालतो, लहानांनाही. तिखट कमी ठेवायचं, ते चटणीतून प्रत्येकाने आपलं घ्यावं.

पोळीसाठी दोन किलो कणीक, तेलाचं मोहन, कोमट पाणी. तळहाताएवढ्या पंचावन्न-साठ पोळ्या होतात. सकाळीच अर्ध्याकच्च्या भाजून कापडात गुंडाळून ठेवा आणि वाढायच्या वेळी तव्यावर पुन्हा फिरवा. मक्याची टॉर्टिया करायची हौस असेल तर भाकरीचा हात असलेल्या काकूंना पुढे करा. मक्याच्या पिठाला चिकटपणा नसतो, म्हणून ज्वारीसारखीच उकड घेऊन, मळून, थापायची. मेक्सिकोत मात्र पीठ करण्याआधी मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसेच ठेवतात, मग धुऊन पाट्यावर वाटतात. किलोभर दाण्याला साधारण दहा ग्रॅम खायचा चुना, भांडं स्टीलचं; ॲल्युमिनियमचं चालत नाही. चुन्यामुळे साल सुटते, पिठाला बांधणी येते, आणि मुख्य म्हणजे मक्यात अडकून पडलेलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागतं. युरोपने मका नेला, पण ही कृती नेली नाही. मग मक्यावरच जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा पसरला. कातडी सोलवटणारा, माणसाला भ्रमिष्ट करणारा रोग. मेक्सिकोतल्या बायकांच्या हातात त्यावरचा उपाय हजारो वर्षं होता. मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेला युनेस्कोने २०१० मध्ये मानवी वारसा म्हणून मान दिला, तो उगीच नव्हे.

नाचोज दोन दिवस आधी होतात. तीन भाग मक्याचं पीठ, एक भाग कणीक, मीठ. पातळ लाटा, टोचे मारा, त्रिकोण कापा, मंद आचेवर तळा आणि गार झाल्यावर डबा घट्ट लावा. पाकिटातल्यापेक्षा हे चवीला चांगलेच लागतात.

साल्सा म्हणजे टोमॅटोची कोशिंबीर: टोमॅटो, कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू. मीठ अगदी वाढायच्या वेळी घाला, नाहीतर सगळं पाण्यात पोहतं. दुसरा साल्सा चुलीवर टोमॅटो, मिरची, लसूण भाजून खलबत्त्यात कुटायचा. आणि तिसरा तुमच्या घरात आत्ताही असेल. व्हेराक्रूझ प्रांतात सुकी मिरची, शेंगदाणे, तीळ आणि लसूण तेलात परतून भरड वाटतात, त्याला साल्सा माचा म्हणतात. आपल्या शेंगदाण्याच्या चटणीत तेल वाढवलं की ती तिथे पोचते. आंबट मलईच्या जागी चक्का. अडीच-तीन लिटर दुधाचं दही टांगलं की पुरेसा होतो, आणि या भागात दुधाला तोटा नाही. ॲव्होकॅडोसाठी मात्र धावपळ करू नका. महाग, कच्चं नाहीतर काळं पडलेलं मिळतं, आणि त्याच्यावाचून ताट मुळीच अडत नाही. त्याऐवजी लाल भोपळ्याच्या फोडी, मक्याचे दाणे आणि ढोबळी मिरची मोठ्या आचेवर परतून ठेवा.

वाढायची पद्धत हीच या जेवणाची खरी गंमत. ओट्यावर किंवा पडवीत लांब टेबल मांडा. पोळ्या, घेवडा, भाजी, साल्सा, चक्का, चटणी, किसलेलं चीज, सगळं वेगवेगळ्या भांड्यांत. ज्याने त्याने आपली पोळी भरून घ्यायची. आग्रहाची पंगत नाही म्हणून आत्या थोडी नाराज होईल. तिला पोळ्या गरम करून वाढायचं काम द्या.

सरबताला मेक्सिकोत अंबाडीची लाल बोंडं उकळतात. लाल अंबाडी लावलेली असेल तर तेच करा. दौंड तालुक्यात गुऱ्हाळं आहेत, तेव्हा गोडीला गूळच वापरा. तिकडेही उसाचा गूळ वड्यांच्या रूपात असाच वापरतात. चिंचेचं सरबत तर तिकडेही आहे. चिंच आणि आंबा आशियातून गेले. फिलिपिन्सहून मेक्सिकोला १५६५ पासून अडीचशे वर्षं गलबतं जात होती. आज तिथल्या रस्त्यांवर आंब्याच्या फोडींवर तिखट-मीठ आणि लिंबू लावून विकतात. पेरूच्या फोडींवर तेच लावून पोरांसमोर ठेवा.

खेळ हवा असेल तर पिन्याता करा: कागदाने मढवलेलं मडकं वर टांगतात, डोळे बांधलेलं मूल काठीने ते फोडतं आणि आतला खाऊ सांडतो. मडकं नको, खापऱ्या डोक्यात पडतात. पुठ्ठ्याचं खोकं घ्या, आत चिक्की आणि गोळ्या भरा. औक्षण त्याआधी करून घ्या.

आणि हे सगळं दुपारी ठेवा. उसाच्या या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे, शिरूर तालुक्यात त्याच्या हल्ल्यांत माणसं गेली आहेत. वस्तीवर राहणारे पाहुणे अंधार पडण्याआधी घरी पोचले पाहिजेत. बारा वाजता जेवण सुरू केलं तर चारला सगळे मोकळे होतात.

राहिला मका. इथला बराचसा मका गाईंच्या मुरघासाला जातो. त्यावर २०१८ पासून अमेरिकन लष्करी अळी आली आहे, म्हणून फवारणी होते. तसल्या पिकातलं कणीस सरळ घरात आणू नका. पुढच्या वाढदिवसासाठी या खरिपात मक्याच्या दोन ओळी वेगळ्या लावा, त्यांच्यावर विषारी औषध मारू नका, मधे घेवडा टोका आणि बांधाला भोपळ्याचा वेल सोडा. मेक्सिकोचे शेतकरी ही तीन पिकं अशीच एकत्र घेतात. जूनमध्ये पेरलंत तर गणपतीच्या सुमारास कणसं हाताशी येतील.