पगचं घोरणं: गंमत नव्हे, तक्रार

आज आपण पगबद्दल बोलणार आहोत. 2003 च्या सुमारास टीव्हीवर एका मोबाइल कंपनीची जाहिरात लागायची. त्यात एका लहान मुलाच्या मागे मागे जाणारा पग आपण सगळ्यांनी पाहिला, आणि बघता बघता हा कुत्रा आपल्या शहरांतल्या फ्लॅटांमध्ये आला. लाघवी स्वभाव, 6 ते 8 किलो वजन, भुंकणं बेताचं. फ्लॅटला सोयीचाच. फक्त त्या जाहिरातीत एक गोष्ट ऐकू आली नाही, ती म्हणजे त्याचा श्वास.

"डॉक्टर, आमचा अगदी आजोबांसारखा घोरतो!" हे वाक्य दवाखान्यात आम्हाला नेहमी हसत हसत ऐकवलं जातं. आमचा आजचा सगळा आग्रह एवढाच आहे की यावर हसणं थांबवू या आणि नीट ऐकू या.

आता बघा, पगचं तोंड चपटं झालं ते माणसानं पिढ्यान्‌पिढ्या तशी निवड केल्यामुळे. कवटीचं हाड आखूड झालं, पण आतलं मांस त्या मानानं आखूड झालं नाही. मोठी गादी लहान खोळीत कोंबावी तसं हे आहे. नाकपुड्या चिरेसारख्या अरुंद राहतात, टाळूचा मागचा मऊ भाग घशात लोंबतो आणि हवेची वाट अडते. तो खरखर आवाज येतो तो या अडथळ्याचा.

माणसाला घाम येतो. कुत्र्याला पंजांच्या तळव्यांखेरीज तो जवळपास येतच नाही. त्यामुळे धापा टाकून, जिभेवरचं आणि नाकातलं पाणी हवेत उडवून तो अंग थंड करतो. पगची वाटच अरुंद, म्हणून त्याला जोर लावावा लागतो. जोरानं अंग आणखी तापतं, घसा सुजतो, वाट अजून अरुंद होते. हे चक्र एकदा सुरू झालं की काही मिनिटांत गोष्ट जिवावर बेतते. नागपूरच्या उन्हात हे होतं हे सगळ्यांना पटतं. पण मुंबईच्या, कोकणातल्या दमट हवेतही होतं, कारण दमट हवेत पाणी नीट उडत नाही. पारा 32 वर असला म्हणून निर्धास्त राहू नका.

मग करायचं काय? फिरवणं सूर्य वर येण्याआधी आणि रात्री. डांबरावर हाताची मागची बाजू ठेवून बघा. तुम्हाला चटका बसला तर त्याच्या पंजांनाही बसणार. गळ्यात पट्टा नको, छातीवरून जाणारा हार्नेस हवा. बंद गाडीत पाच मिनिटंही ठेवू नका.

सगळ्यात मोठा, आणि फुकटचा, उपाय म्हणजे वजन. हलकेच हात फिरवल्यावर फासळ्या बोटांना लागल्या पाहिजेत. आपल्याकडे आजी पोळीचा तुकडा देते, मुलं बिस्किट देतात, शेजारच्या काकूही काहीतरी देतात. प्रत्येकाचं थोडंथोडं, पण कुत्रा एकच! दिवसाचं खाणं एका डब्यात काढून ठेवा आणि सगळ्यांनी त्यातूनच द्या. कांदा, चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे अजिबात नकोत. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे हमखास विसरले जातात.

डोळ्यांबद्दल एक सूचना. पगच्या डोळ्यांच्या खोबणी उथळ असतात, म्हणून डोळा सहज दुखावतो. डोळा लाल झाला, मिटू लागला, पाणी आलं, तर त्याच दिवशी दाखवा. घरातले जुने थेंब घालू नका. त्यात स्टेरॉइड असेल आणि डोळ्यात जखम असेल, तर डोळा जाऊ शकतो. चेहऱ्याच्या घड्या ओल्या कापसानं पुसा आणि नंतर कोरड्या करा. हे कोरडं करणंच लोक विसरतात.

श्वासाचा त्रास ओळखायचा कसा? केंब्रिज विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी एक पद्धत बसवली आहे. कुत्र्याला 3 मिनिटं दुडक्या चालीनं चालवतात आणि आधी व नंतर घशावर स्टेथोस्कोप लावून ऐकतात. हे डॉक्टरांचं काम. घरी तुम्ही एवढं बघा: नुसता बसला असतानाही आवाज येतो का? हनुवटी उंच ठेवून किंवा बसल्या बसल्या झोपतो का? वारंवार फेस ओकतो का? असं असेल तर तपासून घ्या. नाकपुड्या रुंद करण्याची, टाळू आखूड करण्याची शस्त्रक्रिया असते आणि ती लवकर केलेली बरी.

जीभ निळसर झाली, तोल गेला, तर उष्माघात समजा. कुत्र्याचं तापमान एरवी 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. 104 च्या वर गेलं की धोका. आधी थंड करा, मग दवाखाना गाठा. साधं पाणी अंगावर ओतत राहा, पंखा लावा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, त्यानं उष्णता आतच कोंडते. बळजबरीनं पाणी पाजू नका. गाडीत एसी लावून निघा आणि दवाखान्यात फोन करून ठेवा.

शेवटी, नवीन पिल्लू घेणाऱ्यांसाठी. पिल्लाचे आईबाप बघायला मागा, त्यांचा श्वास ऐका, नाकपुड्या उघड्या आहेत का ते बघा. सगळ्यात चपटं तोंड मागणारे आपणच आहोत, आणि मागणी तसा पुरवठा होतो. ज्यांच्या घरी पग आहेच, त्यांनी अपराधी वाटून घेऊ नये. आज रात्री तो झोपला की दोन मिनिटं शेजारी बसा आणि ऐका.