कॅमेरा खिशात, वर्ग अमरावतीत

'मला सिनेमाचं शिकायचं आहे,' असं बारावी झालेल्या पोरानं जाहीर केलं, की वाशिम जिल्ह्यातल्या रिसोड-मालेगावकडच्या घरात दोन प्रश्न हमखास पडतात. 'थे कोठी शिकवतेत बाप्पा?' आणि 'त्यानं पोट भरते काय?' दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्याचं उत्तर त्यातल्या त्यात सोपं.

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. इथली महाविद्यालयं संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतात, आणि माध्यमांच्या शिक्षणाची जवळची वाटही मंगरुळपीर-कारंज्यावरून अमरावतीकडेच जाते. दिल्लीच्या भारतीय जनसंचार संस्थेनं २०११ मध्ये अमरावतीत, विद्यापीठाच्याच आवारात, आपलं केंद्र सुरू केलं. पदवीनंतर तिथं पत्रकारितेची पदविका करता येते, मराठीतूनही. थोडं पुढे वर्ध्याला महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात हिंदीतून जनसंचार शिकवतात. मात्र निव्वळ सिनेमाच शिकायचा, तर डोळे पुण्याकडे लागतात.

पुण्याची भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था, म्हणजे 'एफटीआयआय', ज्या जागेत उभी आहे, तिथं आधी प्रभातचा स्टुडिओ होता. १९२९ मध्ये कोल्हापुरात निघालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्याला आली आणि पन्नाशीच्या दशकात बंद पडली. १९६० मध्ये केंद्र सरकारनं त्याच आवारात चित्रपटाची शाळा काढली; दिल्लीतलं दूरचित्रवाणीचं प्रशिक्षण १९७४ मध्ये तिथंच हलवलं. दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी हे तीन-तीन वर्षांचे अभ्यासक्रम. जागा मोजक्या, आधी लेखी परीक्षा, मग मुलाखत.

कॅमेरा तर आता प्रत्येकाच्या खिशात आहे. मग शिकवतात तरी काय? चहाच्या टपरीवर दोन माणसं समोरासमोर बोलत बसली आहेत, असं समजा. दोघांच्या मधून एक रेघ गेली आहे, असं धरून कॅमेरा रेघेच्या एकाच बाजूला ठेवायचा. पुढच्या शॉटला तो चुकून पलीकडे गेला, तर पडद्यावर दोघंही एकाच दिशेला तोंड करून बसल्यासारखे दिसतात आणि पाहणारा गोंधळतो. का गोंधळलो, हे त्याला सांगता येत नाही. शिकणाऱ्याला ते सांगता आलं पाहिजे. आवाजाचं तर त्याहून नवल. रिकाम्या खोलीलाही स्वतःचा आवाज असतो, म्हणून ध्वनिमुद्रक चित्रीकरण संपल्यावर सगळ्यांना गप्प करून ती शांतता वेगळी मुद्रित करून घेतो. संकलनात दोन वाक्यांमधली भेग त्या शांततेनंच बुजवायची असते. हौशी फिल्मा फसतात त्या बहुतेक चित्रामुळे नव्हे, आवाजामुळे.

दुसरी गोष्ट म्हणजे पाहायला शिकणं. पुण्याच्या संस्थेत प्राध्यापक सतीश बहादूर 'पथेर पांचाली' तुकड्या-तुकड्यानं दाखवत, थांबवत, पुन्हा दाखवत. एकच चित्रपट इतका बारकाईनं पाहिलेल्या विद्यार्थ्याला पुढे कुठलाही चित्रपट नुसता 'आवडला' किंवा 'नाही आवडला' म्हणून सोडून देता येत नाही. मोबाइलवर एकट्यानं रिळं सरकवत बसून हे साधत नाही; त्याला वर्ग लागतो, आणि वाद घालणारे सोबती लागतात.

पण सगळं पुण्यातच घडतं, असं मानायचं कारण नाही. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी आधी मराठीत एम. ए. केलं, मग अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन अभ्यासाला प्रवेश घेतला. तिथल्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेल्या 'पिस्तुल्या' या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातला पोरगा सूरज पवार पुढे मंजुळ्यांच्याच 'फँड्री'त पिऱ्या झाला आणि 'सैराट'मध्ये प्रिन्स. जिल्ह्याच्या गावातलं कॉलेज आणि शाळेला मुकलेल्या पोराची गोष्ट, एवढ्या भांडवलावर हे सुरू झालं. वाशिमच्या मुलांना यातून धीर यावा, कारण गोष्टींचा तोटा त्यांच्याकडे नाही. पोहरादेवीची बंजारा समाजाची यात्रा आहे, सोयाबीनचा भाव आहे, शेताच्या बांधाजवळून गेलेला समृद्धी महामार्ग आहे.

विदर्भाची भाषा पडद्यावर चालते का, ही शंकाही २०१८ च्या 'नाळ' या चित्रपटानं बरीचशी मिटवली. दिग्दर्शक सुधाकर रेड्डी यक्कंटी मूळचे आंध्रचे, पुण्याच्या संस्थेत छायाचित्रण शिकलेले. त्यांनीच 'सैराट'चा कॅमेरा सांभाळला होता. मुख्य भूमिकेतला श्रीनिवास पोकळे अमरावतीचा. दिग्दर्शकाला पदार्पणाचा आणि श्रीनिवासला बालकलाकाराचा, असे दोन्ही राष्ट्रीय पुरस्कार त्या चित्रपटाकडे आले.

रेडिओची वाट यापेक्षा शांत, आणि खरं तर जास्त हाताशी आहे. आकाशवाणीचं केंद्र शेजारी अकोल्यातच आहे. आकाशवाणीवर नैमित्तिक उद्घोषक व्हायचं, तर स्वरपरीक्षण द्यावं लागतं, आणि तिथं चेहरा नव्हे, उच्चार, श्वास आणि समज पाहतात. शिवाय २००६ च्या धोरणानं स्वयंसेवी संस्थांना आणि कृषी विज्ञान केंद्रांनाही सामुदायिक रेडिओ चालवायची मुभा दिली. शैक्षणिक संस्थांना ती आधीपासूनच होती. साताऱ्यातल्या माण तालुक्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग' असाच चालतो: लहान प्रक्षेपक, आसपासची गावं, आणि बोलणारी माणसंही तिथलीच. असं केंद्र एखाद्या महाविद्यालयाच्या आवारात निघालं, तर ती आयती प्रयोगशाळाच.

राहिला पोटाचा प्रश्न. नाव होणारे थोडे असतात, हे घरच्यांना आधीच सांगून टाकलेलं बरं. बाकीच्यांना बातम्यांच्या वाहिन्या, संकलनाच्या खोल्या, जाहिराती, सरकारी माहितीपट, आणि हो, लग्नाची शूटिंगं. त्यात कमीपणा कसला? घाईगर्दीत, एकदाच घडणारी गोष्ट नीट टिपायचा तो उत्तम सराव आहे. 'डॉक्टर हो' म्हणणाऱ्या वडिलांसाठी एक दाखला जवळ ठेवावा: म्हैसूरचे चिदानंद नाईक आधी डॉक्टर झाले, मग पुण्यात दूरचित्रवाणीच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला आले, आणि २०२४ मध्ये त्यांच्या वर्षअखेरच्या कन्नड लघुपटाला कान महोत्सवात विद्यार्थी विभागाचं पहिलं पारितोषिक मिळालं.

पुण्यातल्या या मुख्य अभ्यासक्रमांना पदवी लागतेच. तेव्हा बारावीनंतर लगेच घर सोडायची घाई नको. वाशिममध्येच मराठी, इतिहास किंवा भौतिकशास्त्र घेऊन पदवी करता येते, आणि त्या काळात मोबाइलवर गावातल्या एकाच माणसाची पाच मिनिटांची फिल्म, नीट आवाजासकट, पुन्हा पुन्हा करून पाहता येते.