बुडालेल्या खाणीतली ऊब

फ्रिजच्या कडेला किंवा मागच्या बाजूला कधी हात लावून पाहिलाय? (लावण्याआधी घरात सांगा, नाहीतर "तिकडे काय खुडबुड चाललीय?" अशी हाक ठरलेलीच.) कोमट लागतं ना? आत बर्फ जमतोय आणि बाहेरून मात्र ऊब येतेय, हा काय प्रकार आहे?

प्रकार सोपा आहे. आतल्या दुधात, कालच्या उरलेल्या आमटीत जी काही उष्णता असते ती फ्रिज उपसतो आणि बाहेर स्वयंपाकघरात टाकतो. म्हणजे आतून पाहिलं तर तो गार करणारा, आणि बाहेरून पाहिलं तर तापवणारा. आपण फक्त आतली बाजू वापरतो. बाहेर पडणारी ऊब वाया जाते, उन्हाळ्यात तर नकोशीच होते.

पण समजा एखाद्या गावाने ठरवलं की आम्हाला बाहेरचीच बाजू हवी, तर? इंग्लंडच्या ईशान्येला टाइन नदीच्या काठी गेट्सहेड नावाचं गाव आहे. नदी ओलांडली की न्यूकॅसल. तिथे २०२३ पासून असंच एक राक्षसी यंत्र चालतंय. त्याचं नाव हीट पंप. आमटीच्या पातेल्याऐवजी ते उष्णता उपसतं कोळशाच्या जुन्या, पाण्यात बुडालेल्या खाणीतून, आणि ती ऊब जाते लोकांच्या घरांत.

घरात ऊब कशाला लागते, असा प्रश्न आपल्याला पडणं साहजिक आहे. आपल्याकडे भांडण पंख्याच्या वेगावरून होतं! गेट्सहेडला मात्र डिसेंबरात दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो. बाहेर गारठा, आत ओल, भिंतींवर बुरशीचे काळे डाग. म्हणून तिकडे खोलीखोलीत भिंतीला लागून रेडिएटर असतो. तो लोखंडी आणि आतून पोकळ असतो, आणि त्यातून गरम पाणी फिरतं. हे पाणी तापवायला बहुतेक घरांत गॅसचा बॉयलर असतो. गॅस जळला की कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एका घराचा थोडासाच, पण सगळ्या ब्रिटनच्या घरांचा मिळून खूप.

आता खाणीकडे वळू. गोष्ट तिथेच आहे.

गेट्सहेडच्या आसपास कित्येक पिढ्यांनी कोळसा खणला. काम भयंकर होतं. १८१२ साली जवळच्याच फेलिंग गावच्या खाणीत स्फोट झाला आणि ९२ जण दगावले. त्यांत तुमच्या वयाची पोरंही होती, कारण तेव्हा मुलांनाही खाणीत कामाला लावत. खाणीतला ज्वालाग्राही वायू उघड्या दिव्याच्या ज्योतीने पेट घेई. अशा अपघातांनी लोक हादरले, आणि पुढच्या काही वर्षांत हम्फ्री डेव्हीने सुरक्षित दिवा तयार केला. ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी असलेला तो डेव्हीचा दिवा काही विज्ञानाच्या पुस्तकांत अजून भेटतो.

वायूखालोखाल खाणकामगारांचा वैरी म्हणजे पाणी. जमिनीत खोल गेलं की चहूबाजूंनी पाणी झिरपायचं. ते रात्रंदिवस उपसत राहावं लागे. १७१२ साली थॉमस न्यूकोमेनने वाफेचं इंजिन उभं केलं, ते आगगाडीसाठी नव्हे, खाणीतलं पाणी उपसायला! पुढे विसाव्या शतकात एकेक खाण बंद होत गेली. कामगार वर आले, पंप थांबले, आणि बोगदे हळूहळू पाण्याने भरून गेले. अडीच-तीनशे वर्षं ज्याच्याशी झुंज दिली, ते पाणी शेवटी जिंकलं म्हणायचं.

पण हे पाणी अगदी थंडगार नसतं. पृथ्वीच्या पोटात उष्णता आहे. वज्रेश्वरी-गणेशपुरीची किंवा कोकणातल्या उन्हवऱ्याची गरम पाण्याची कुंडं पाहिली असतील तर हे वेगळं सांगायला नको. खाली जावं तसं तापमान वाढतं, साधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंशांनी. गेट्सहेडला दीडशे मीटर खोलीवरचं पाणी आहे सुमारे १५ अंश सेल्सिअसचं. हिवाळा असो की उन्हाळा, पंधराच्या आसपास.

तुम्ही म्हणाल, पंधरा अंश? या पाण्याने आंघोळ करा म्हटलं तर आम्ही घर डोक्यावर घेऊ! बरोबर आहे. हीट पंपची कमाल इथेच आहे.

दोन छोटे प्रयोग करा. तळहातावर सॅनिटायझरचा एक थेंब घ्या. गार लागतो, कारण द्रवाची वाफ होताना तो हाताची उष्णता घेऊन जातो. मग सायकलच्या पंपाने चाकात जोरजोरात हवा भरा आणि पंपाच्या तळाला हात लावा. गरम लागेल, कारण हवा दाबली की तापते. झालं! हीट पंप म्हणजे हे दोन प्रयोग एकामागून एक, न थांबता. त्यातल्या नळ्यांत एक खास द्रव असतो. मोठ्या यंत्रांत बऱ्याचदा अमोनिया वापरतात. मासळी बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यातही तोच असतो, त्याचा उग्र वास एकदा नाकात गेला की विसरत नाही. नेहमीच्या दाबाला अमोनिया उणे ३३ अंशांनाच उकळतो. यंत्रात दाब वाढवून त्याचा उत्कलनबिंदू खाणीच्या पाण्याच्या तापमानाच्या थोडासा खाली आणून ठेवतात. मग आपल्याला थंडगार वाटणारं ते पाणी अमोनियाला पेटलेल्या शेगडीसारखं. तो उकळतो, वाफ होतो, पाण्याची उष्णता उचलतो. ती वाफ यंत्र जोरात दाबतं आणि ती चांगलीच तापते. तिची उष्णता दुसऱ्या, स्वच्छ पाण्याला दिली की ते ८० अंशांपर्यंत गरम होतं आणि जाडजूड वेष्टण घातलेल्या नळांतून गावात निघतं. खाणीचं पाणी काही अंश गार होऊन परत खाणीत. तिथे आजूबाजूचे खडक त्याला पुन्हा ऊब देतात.

म्हणजे हीट पंप उष्णता तयार करत नाही, एकीकडची उचलून दुसरीकडे नेतो. त्यामुळे विजेचं एक युनिट खर्चून साधारण तीन युनिट उष्णता हाती लागते. गेट्सहेडच्या यंत्राची ताकद ६ मेगावॅट आहे. आपल्या न्हाणीघरातला गीझर बहुधा दोन किंवा तीन किलोवॅटचा असतो. तीनचा धरला तर किती गीझर झाले? करा हिशेब. दोन हजार!

आता मला सर्वांत आवडणारा भाग: बोअर मारणं. आपल्याकडे शेतात बोअर मारताना पाणी लागेल की नाही याची धाकधूक असते. इथे पाणी आहे हे नक्की, पण बोगदा नेमका कुठे? जुन्या काळी कोळसा काढताना मधेमधे कोळशाचेच जाड खांब सोडून देत, नाहीतर छत डोक्यावर यायचं. म्हणजे खाली काही मीटर रुंदीच्या गल्ल्या आणि त्यांच्यामध्ये खांबच खांब. दीडशे मीटर वरून गिरमिट सोडायचं आणि ते बरोबर गल्लीत उतरवायचं. चार-दोन मीटर इकडेतिकडे झालं की खांबात घुसलं, पाणी धड येत नाही आणि पैसे मातीत! आधार काय, तर जुने नकाशे. १८७२ साली ब्रिटनमध्ये कायदा झाला की खाण बंद करताना तिचा नकाशा सरकारकडे जमा करायचा. कापडावर शाईने काढलेले असे नकाशे तिथल्या सरकारी खाण संस्थेने जपून ठेवलेत. बंद होणाऱ्या खाणीचा नकाशा काढून जमा करणाऱ्याला वाटलं असेल, आता याचा कुणाला उपयोग? आज त्याच रेघांवर नेम धरून बोअर मारतात.

पाणी वर आलं तरी तंटा संपत नाही. त्यात लोह विरघळलेलं असतं. हवा लागली की त्याचा नारिंगी गंजट गाळ होतो आणि नळ्या तुंबतात. म्हणून या पाण्याला हवेचं दर्शनच होऊ द्यायचं नाही. बंद नळीतून वर आणायचं, धातूच्या पातळ पत्र्यांमधून फिरवायचं आणि तसंच खाली सोडायचं. पत्र्याच्या एका बाजूला खाणीचं पाणी, दुसऱ्या बाजूला यंत्राकडचं. उष्णता पलीकडे जाते, पाणी नाही. त्यामुळे कुणाच्या रेडिएटरमध्ये खाणीतला थेंबही जात नाही.

बरं, हा सगळा खटाटोप कुणाच्या घरांसाठी? यादी गमतीची आहे. तिथलं एक कॉलेज आहे, नदीकाठचं संगीताचं भव्य सभागृह आहे आणि बाल्टिक नावाचं कलादालन आहे, जे पूर्वी पिठाची गिरणी होतं. आणि साडेतीनशे घरं आहेत नगर परिषदेची. ब्रिटनमध्ये नगर परिषदा स्वतः घरं बांधतात आणि कमी कमाईच्या कुटुंबांना परवडेल अशा भाड्याने देतात. मुंबईत शंभर वर्षांपूर्वी सरकारने बांधून भाड्याने दिलेल्या बीडीडी चाळी आठवा. अशा घरातल्या माणसाला स्वतःच्या खिशातून नवं यंत्र बसवणं जमणार नाही, आणि भिंत फोडायची तरी मालकाला विचारावं लागणार. मालक आहे नगर परिषद. मग तिनेच पुढाकार घ्यायला नको का?

तिने घेतला, पण एकटीच्या बळावर नाही. हीट नेटवर्क्स इन्व्हेस्टमेंट प्रोजेक्ट या सरकारी योजनेतून तिला ५९ लाख पौंडांचं अनुदान मिळालं. आपल्या पैशात साठ कोटींच्या वर. सरकारी पैसा म्हणजे लोकांनी भरलेला कर. तो एका गावाच्या बोअरवर का घालायचा, असं कुणी विचारलं तर रागावू नका, प्रश्न रास्त आहे.

त्याचं उत्तर एका गणितात आहे. ब्रिटनमध्ये गेली काही वर्षं विजेचं युनिट गॅसच्या युनिटाच्या साधारण चौपट महाग आहे. हीट पंप एका युनिटात तीन युनिट उष्णता देतो. चौपट दाम, तिप्पट काम! म्हणजे हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड सोडून नुसत्या बिलाकडे पाहिलं तर गॅसच किंचित स्वस्त पडतो. शिवाय खोल बोअर, रस्ते खोदून टाकलेले काही किलोमीटर नळ आणि गिरमिट खांबात घुसण्याची भीती. एवढा धोका पत्करून पहिलं पाऊल टाकायला व्यापारी सहसा धजत नाही. माझ्या मते सरकारी पैशाचं काम अशा ठिकाणीच असतं. आणि ही ऊब आधी श्रीमंतांच्या बंगल्यांत न जाता परिषदेच्या घरांतही पोचली, हे मला विशेष आवडलं. एक अडचण मात्र आहे. गावभर एकच गरम पाण्याचा नळ असला की दर पटला नाही म्हणून दुसऱ्या दुकानात जाता येत नाही. त्यामुळे परिषदेने दर नीट ठेवायला हवेत आणि लोकांनीही त्यावर डोळा ठेवायला हवा.

गेट्सहेड काही पहिलं नाही. ग्लासगोच्या शेटलस्टन भागात १९९९ सालीच १६ भाड्याच्या घरांना खाणीच्या १२ अंशांच्या पाण्यावर ऊब मिळू लागली होती. लंडनने तर वेगळीच खाण शोधली: भुयारी रेल्वे! गाड्यांच्या ब्रेकने आणि मोटारींनी बोगदे तापतात. १९२२ साली बंद झालेल्या सिटी रोड स्टेशनच्या जागी एक प्रचंड पंखा बसवलाय. तो ती गरम हवा वर ओढतो, हीट पंप तिच्यातली उष्णता घेतो आणि इझलिंग्टनच्या नगर परिषदेची शेकडो घरं उबदार होतात. हे २०२० पासून चालू आहे. उन्हाळ्यात पंखा उलटा फिरवून बोगद्यात गार हवाही सोडता येते.

ब्रिटनमधली सुमारे पाव घरं जुन्या कोळसाखाणींच्या भागात उभी आहेत. म्हणजे पायाखाली कोमट पाणी खूप आहे. पण ते वाटून कसं घ्यायचं? गेट्सहेडलाच एका वाइन कंपनीने आपली गोदामं उबदार ठेवायला जवळपासच्या बुडालेल्या बोगद्यांतून पाणी घ्यायला सुरुवात केली होती, परिषदेच्या आधीच. जमिनीवर दोघांची कुंपणं वेगळी, खाली पाण्याला कुंपणं ठाऊक नाहीत. एकाने परत सोडलेलं गार पाणी दुसऱ्याच्या बोअरपर्यंत गेलं तर? म्हणून सरकारी खाण संस्थेने तिथे फक्त निरीक्षणासाठी आणखी बोअर मारलेत. त्यांत पाण्याची पातळी आणि तापमान मोजणारी उपकरणं सोडली आहेत, आणि कुणी किती ऊब उपसली तर शेजाऱ्याला किती कमी पडते, याच्या नोंदी तिथले शास्त्रज्ञ आता ठेवताहेत.