आधी कक्षा, मग ऊब

एकट्या ताऱ्याभोवतीचा वासयोग्य पट्टा काढणे फारसे अवघड नाही. ताऱ्याचे तेज घ्यायचे, अंतराच्या वर्गाप्रमाणे ते कसे घटते ते मांडायचे आणि पाणी द्रवरूपात टिकू शकेल तेवढी कडी आखायची. जोडताऱ्यांच्या बाबतीत मात्र ऊब नंतर. आधी ग्रह तिथे टिकतो का, ते पाहावे लागते.

२०११ साली जाहीर झालेला केप्लर-१६बी घ्या. हंस तारकासमूहातले दोन तारे ४१ दिवसांत एकमेकांभोवती फिरतात. पृथ्वी-सूर्य अंतर एक एकक धरले तर त्यांच्यातले अंतर ०.२२ एकक. शनीएवढा हा ग्रह ०.७ एककांवरून दोघांनाही मिळून २२९ दिवसांत प्रदक्षिणा घालतो. हॉलमन आणि विगर्ट यांनी १९९९ मध्ये संगणकावर अशा कक्षा चालवून पाहिल्या. ताऱ्यांमधल्या अंतराच्या साधारण दोन ते चार पटींच्या आत ग्रह आला, तर त्याची कक्षा सहसा टिकत नाही. हा ग्रह तिपटीच्या जरासा पलीकडे, म्हणजे थोडक्यात बचावलेला.

आता ऊब. थोरला तारा सूर्याच्या सुमारे १५ टक्के तेजाचा. धाकट्याचा उजेड हिशेबात धरला नाही तरी चालेल. पण धाकट्याच्या ओढीने थोरलाही डोलतो. ग्रहापासूनचे त्याचे अंतर बदलत राहते आणि साधारण ५० दिवसांच्या फेऱ्यात ग्रहावरचा प्रकाश जवळपास ३० टक्क्यांनी खालीवर होतो. समुद्र आणि दाट वातावरण असेल तर असे चढउतार पचतात, म्हणून सरासरी पाहायची. इथे ती पृथ्वीच्या ३० टक्केच, आणि ग्रहही वायूचा. वस्तीची आशा नको.

दोन सूर्य मावळण्याचे दृश्य तिथे मिळेल, पण माझ्या मते दुसरी रचना अधिक आशादायक आहे: तारे दूरदूर आणि ग्रह एकाच्याच आश्रयाला. आपला शेजारी ‘मित्र’, म्हणजे अल्फा सेंटॉरी, तसाच आहे. त्याचे दोन मुख्य तारे ८० वर्षांच्या फेरीत ११ एककांपर्यंत जवळ येतात आणि ३५ पर्यंत लांब जातात. प्रत्येकाभोवती साधारण अडीच एककांपर्यंतच्या कक्षा टिकू शकतात. वासयोग्य अंतर मोठ्याभोवती १.२ आणि लहानाभोवती ०.७ च्या आसपास, म्हणजे सुरक्षित हद्दीत. दुसरा तारा सर्वांत जवळ आला तरी त्याची ऊब पृथ्वीला मिळणाऱ्या उबेच्या टक्काभरच.

२०२५ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीला मोठ्या ताऱ्याजवळ एका वायुग्रहाची चाहूल लागली. शिक्कामोर्तब बाकी आहे. मे अखेरीस रात्री अकराच्या सुमारास महाराष्ट्र-गोव्यातून दक्षिण क्षितिजालगत मित्र दिसतो. दक्षिणेला मोकळी जागा मिळाली तर जरूर पाहा. लहान दुर्बिणीतून त्याचे दोन तारे वेगळे दिसतात.