काचपट्टी आणि पडदा

डहाणू तालुक्यातील सासवंद येथे वेदांता इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस हे महाविद्यालय स्थापन झाल्यापासून, चिकूच्या वाड्या, वारल्यांचे पाडे आणि समुद्राची खारी हवा यांपलीकडे ज्या मुलखाची बाहेरच्या माणसास फारशी माहिती नव्हती, तेथेही शरीराच्या सूक्ष्म रचनेचे, म्हणजे ऊतिशास्त्राचे, रीतसर अध्यापन होऊ लागले आहे. साहजिकच, जगभरच्या वैद्यकीय विद्यालयांत गेली पंचवीसएक वर्षे चर्चिला जाणारा प्रश्न आता आपल्याही दाराशी आला आहे: हे शास्त्र विद्यार्थ्याने सूक्ष्मदर्शकाच्या नळीस डोळा लावून शिकावे, की संगणकाच्या पडद्यावर?

ऊतीचा तुकडा फॉरमॅलिनमध्ये मुरवावा, पॅराफिनच्या मेणात बसवावा, मायक्रोटोमने त्याचा मिलिमीटरच्या दोनशेव्या हिश्श्याइतका पातळ छेद काढून काचेवर चढवावा, मध्य अमेरिकेतील एका वृक्षाच्या गाभ्यापासून निघणाऱ्या हेमॅटॉक्सिलिनने पेशींची केंद्रके निळी-जांभळी करावीत आणि बाकीचे द्रव्य इओसिनने गुलाबी रंगवावे, हा शिरस्ता एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चालत आलेला आहे. आणि पडद्यावर दिसते तीही याच काचपट्टीची प्रतिमा असते. स्कॅनर ती पट्टी तुकड्यातुकड्याने टिपतो व ते तुकडे सांधतो. पंधरा मिलिमीटर लांबी-रुंदीचा छेद पाव मायक्रॉनला एक बिंदू या प्रमाणाने टिपला, तर आडवे साठ हजार व उभे तितकेच, मिळून ३६० कोटी बिंदू होतात. एवढे बाड एकदम उघडू गेल्यास साधा संगणक जागीच बसेल; सबब तीच प्रतिमा लहानमोठ्या अनेक आकारांत उतरवून चौकोनी तुकड्यांनी साठवतात, आणि विद्यार्थी जो भाग ज्या पटीने पाहत असेल तेवढेच तुकडे त्याच्याकडे धाडले जातात.

ऊतिशास्त्रापुरता माझा कौल, सूक्ष्मदर्शकाविषयी पुरेपूर ममत्व असूनही, पडद्याच्या बाजूने आहे. जुन्या प्रयोगशाळेत शिक्षकाने वाकून नेत्रिकेतील काटा लहान आतड्याच्या एखाद्या श्लेष्मपेशीवर आणून ठेवावा, बाजूला व्हावे, विद्यार्थ्याने पुढे येताना पट्टीला धक्का द्यावा आणि भलत्याच पेशीकडे पाहत "हो सर, दिसली" म्हणावे, हा प्रकार कोणत्याही महाविद्यालयात नवा नाही. पडद्यावर मात्र साऱ्या वर्गाचे डोळे एकाच पेशीवर असतात. शिवाय परीक्षेतील स्पॉटिंगच्या वेळी थायरॉइडची पट्टी तिच्यातील कलिलाने भरलेल्या पुटिकांवरून न ओळखता कोपऱ्यातल्या चिरेवरून ओळखण्याची विद्या, जी वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे निष्ठेने सुपूर्द होते, तिलाही येथे वाव उरत नाही! किनाऱ्याच्या दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते, रंग वर्षानुवर्षे फिके होतात, पट्ट्या फुटतात. प्रतिमेस यांपैकी कशाचीच बाधा नाही. २०२० साली टाळेबंदीत प्रयोगशाळांना कुलपे लागली तेव्हा पडद्यावरचे छेदच विद्यार्थ्यांच्या हाताशी राहिले. पडद्यावर शिकलेले विद्यार्थी परीक्षेत मागे पडतात असेही तुलनात्मक अभ्यासांतून सामान्यतः आढळलेले नाही.

परंतु डहाणू-तलासरीच्या डॉक्टरास जे पुढे पाहावे लागणार आहे ते पक्क्या रंगवलेल्या मूत्रपिंडाच्या छेदात नाही. या भागातील आदिवासी कुटुंबांत सिकलसेल आढळतो. विळ्यासारख्या वाकलेल्या त्या रक्तपेशींचे वर्णन शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० साली प्रथम प्रसिद्ध केले. तरी त्याचा निवाडा आता विद्राव्यता चाचणी आणि इलेक्ट्रोफोरेसिस यांवर होतो, कारण नुसत्या वाहकाच्या रक्ताची साधी काचपट्टी निर्दोषच दिसते. मलेरियाची गोष्ट निराळी. तेथे जाड थेंबाची पट्टी तेलभिंगाखाली ठेवून निदान शंभर क्षेत्रे पाहिल्यावाचून जंतू नाही असा दाखला देता येत नाही. आणि या पट्टीत जंतू, पांढऱ्या पेशी व रंगाचा गाळ निरनिराळ्या खोलीवर पडलेले असल्यामुळे तपासणाऱ्याचे बोट बारीक फिरकीवर अखंड खेळत असते. पातळ पट्टीत लाल पेशीवर एखादी बिंबिका पडून राहिली की ती हुबेहूब जंतूसारखी भासते. फिरकी किंचित फिरवताच दोन्ही वेगवेगळ्या पातळ्यांवर असल्याचे उघड होते आणि रुग्णावरचे बालंट टळते. एकाच पातळीवर टिपलेल्या प्रतिमेत हा पडताळा शक्य नसतो. अनेक पातळ्यांवर टिपण्याची सोय काही स्कॅनरांत असते खरी, पण मग साठवणुकीचा बोजाही त्याच पटीने वाढतो.

यास्तव मला सुचणारी तजवीज अशी की, शरीररचनाशास्त्राचे ऊतिछेद पडद्यावर जावेत आणि त्यामुळे मोकळे झालेले सूक्ष्मदर्शक रक्ताच्या कामी लावावेत. पहिल्याच वर्षी शरीरक्रियाशास्त्राच्या तासाला विद्यार्थी स्वतःचे बोट टोचून थेंब काचेवर घेतो, दुसऱ्या काचेच्या कडेने तो तिरपा ओढतो आणि लिशमनच्या रंगाने रंगवतो; पहिल्या पट्ट्या बहुधा जाड येतात, नाहीतर रंगाच्या कणांनी भरून जातात. या तासाला सध्या मिळणारा वेळ फारच तोकडा आहे. तो वाढवावा, परीक्षेत प्रत्येकास एक अनोळखी रक्तपट्टी देऊन तीवर त्याची फिरकी कशी चालते हे परीक्षकाने शेजारी उभे राहून पाहावे, आणि भिंगांच्या दुरुस्तीची व पावसाळ्यातील राखणीची रक्कम दरसालच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब म्हणून धरावी.