दारचा शेवगा : शेंगेबरोबर पानही ताटात यावे

शेवग्याचे झाड महाराष्ट्रात सर्वांच्या परिचयाचे आहे. घराच्या परसात, विहिरीच्या काठी, शेताच्या बांधावर, शाळेच्या कुंपणालगत हे झाड फारशी निगा न घेता वाढते. त्याच्या शेंगांची आमटी घरोघरी आवडीने खाल्ली जाते आणि जादा शेंगा बाजारात विकून चार पैसेही मिळतात. परंतु त्याच झाडाच्या पाल्याकडे मात्र राज्याच्या बऱ्याच भागांत भाजी म्हणून पाहिले जात नाही. छाटणीच्या वेळी तो शेळ्यांपुढे टाकला जातो किंवा झाडाखालीच वाळून जातो. वास्तविक पोषणाच्या दृष्टीने विचार केला तर या झाडाचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे त्याची पानेच होत.

हा विषय केवळ चवीचा नाही. २०१९-२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील ६ ते ५९ महिने वयाच्या बालकांपैकी ६८.९ टक्के बालकांमध्ये आणि १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळून आला. त्यापूर्वीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हेच प्रमाण अनुक्रमे ५३.८ व ४८ टक्के होते. म्हणजे मधल्या काळात ते घटण्याऐवजी वाढलेच. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. तथापि, ज्या घरातील मूल फिकट व निस्तेज दिसते त्याच घराच्या दारातील हिरवा पाला वाया जावा, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

पानांतील पोषणद्रव्ये

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांनुसार शेवग्याच्या १०० ग्रॅम ताज्या पानांत सुमारे ६.४ ग्रॅम प्रथिने, ३१४ मिलिग्रॅम कॅल्शियम, ४.६ मिलिग्रॅम लोह, १०८ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि १७.५ मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन असते. पालक ही पौष्टिक भाजी म्हणून सर्वज्ञात आहे. तिच्या तेवढ्याच वजनात प्रथिने सुमारे २.१ ग्रॅम, कॅल्शियम ८२ मिलिग्रॅम, लोह ३ मिलिग्रॅम, क जीवनसत्त्व ३० मिलिग्रॅम आणि बीटा कॅरोटीन २.६ मिलिग्रॅम इतके असते. याचा अर्थ पालकाच्या तुलनेत शेवग्याच्या पाल्यात प्रथिने तिप्पट, कॅल्शियम जवळजवळ चौपट, तर कॅरोटीन सहापटींहून अधिक आहे.

कॅरोटीनचे आपल्या शरीरात अ जीवनसत्त्वात रूपांतर होते. डोळ्यांचे आरोग्य, त्वचा आणि रोगप्रतिकारशक्ती यांसाठी हे जीवनसत्त्व अत्यावश्यक आहे. त्याच्या अभावी प्रथम रातांधळेपणा येतो व पुढे दृष्टीही जाऊ शकते. म्हणूनच १९७० पासून आपल्या देशात बालकांना अ जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा कार्यक्रम राबविला जात आहे. मूठ-दीड मूठ, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम, शेवग्याचा पाला योग्य रीतीने शिजवून खाल्ल्यास प्रौढ व्यक्तीची त्या दिवसाची अ जीवनसत्त्वाची बहुतांश गरज भागू शकते.

लोहाच्या बाबतीत मात्र अतिशयोक्ती टाळावयास हवी. प्रौढ स्त्रीला दररोज २९ मिलिग्रॅम लोह मिळावे, अशी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०२० ची शिफारस आहे. ५० ग्रॅम पाल्यातून फार तर सव्वादोन मिलिग्रॅम लोह मिळते आणि वनस्पतिजन्य लोहाचा थोडाच अंश शरीरात शोषला जातो. यास्तव आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्यांना हा पाला पर्याय नव्हे. गरोदर स्त्रिया व किशोरवयीन मुलींनी गोळ्या नियमितपणे घ्याव्यातच. भाजीचे काम त्याहून वेगळे आहे. रोजच्या भाकरी-आमटीच्या जेवणात ज्या पोषणद्रव्यांची उणीव राहते, ती पुष्कळशी भरून काढण्याचे काम ती वर्षानुवर्षे करू शकते.

शिजविण्याची रीत

पालेभाजीतील सत्त्व ताटात येईपर्यंत टिकणे हे शिजविणारीच्या वा शिजविणाऱ्याच्या हाती असते. त्यासाठी काही साध्या गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पाला शक्यतो त्याच दिवशी तोडलेला आणि कोवळा असावा. जून पाने कडसर लागतात. पाला आधी स्वच्छ धुवावा, मगच चिरावा. चिरल्यानंतर धुतल्यास क जीवनसत्त्व पाण्याबरोबर निघून जाते. पाला उकळून त्याचे पाणी फेकून देण्याची पद्धत काही घरांत आहे, तीही त्याच कारणासाठी सोडावी. भाजी झाकण ठेवून थोड्या पाण्यात आठ-दहा मिनिटेच शिजवावी.

कॅरोटीन शरीरात शोषले जाण्यासाठी स्निग्ध पदार्थ लागतो. म्हणून भाजीला चमचाभर तेलाची फोडणी, शेंगदाण्याचे कूट किंवा ओले खोबरे अवश्य असावे. क जीवनसत्त्व लोहाच्या शोषणास मदत करते, परंतु ते उष्णतेने कमी होते. तेव्हा जेवताना भाजीवर लिंबू पिळावे. लोखंडी कढईत भाजी केल्यास कढईतील काही लोहही अन्नात उतरते. याउलट चहामुळे लोहाचे शोषण घटते. जेवणाबरोबर किंवा जेवण होताच चहा घेण्याची सवय म्हणूनच हितावह नाही.

पाला निवडण्यास वेळ लागतो, ही गृहिणींची तक्रार रास्त आहे. त्यावर एक सोपा उपाय आहे. डहाळ्या स्वच्छ कापडात रात्रभर गुंडाळून ठेवाव्यात. सकाळी हलकेच झटकल्या की बरीचशी पाने आपोआप गळून पडतात.

काही पाककृती

कोकणात, विशेषतः सिंधुदुर्ग भागात, गोकुळाष्टमीला आंबोळ्यांबरोबर शेवग्याच्या पाल्याची भाजी करण्याची प्रथा आहे. तिला तेथे शेगलाची भाजी म्हणतात. तेलात कांदा व हिरवी मिरची परतून त्यात भिजविलेली मूगडाळ घालावी, डाळ अर्धवट शिजली की चिरलेला पाला घालावा आणि शेवटी ओले खोबरे पेरून उतरावे. इतर भागांतही ही भाजी सहज करता येईल.

देशावर पीठ पेरून केलेली भाजी अधिक रुचेल. मोहरी, लसूण व लाल तिखटाच्या फोडणीवर पाला परतावा, तो मऊ झाला की वरून बेसन भुरभुरून झाकण ठेवावे आणि मंद आचेवर वाफ आणावी. ज्वारी वा बाजरीच्या भाकरीबरोबर ही भाजी उत्तम लागते. तुरीच्या वरणात, थालीपिठाच्या भाजणीत किंवा धपाट्याच्या पिठात मूठभर बारीक चिरलेला पाला घातल्यास पालेभाजी न खाणारी मुलेही तो खातात. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळास वरणभातात थोडा पाला मऊ शिजवून, चांगला घोटून देता येतो. शेवग्याच्या फुलांचीही चवदार भाजी होते.

पाला अधिक असेल तेव्हा तो धुऊन सावलीत वाळवावा. उन्हात वाळविल्यास कॅरोटीनचा नाश अधिक होतो. कुरकुरीत वाळलेली पाने कुटून, चाळून हवाबंद डब्यात ठेवावीत. ही पूड चमचाभर प्रमाणात आमटीत, खिचडीत वा कणकेत मिसळता येते. मात्र वाळविताना क जीवनसत्त्व बरेच कमी होते, हे लक्षात असू द्यावे.

लागवड व काळजी

पाल्यासाठी शेवगा लावणे अवघड नाही. पावसाळ्याच्या तोंडावर मनगटाएवढ्या जाडीची, तीन-चार फूट लांबीची फांदी निचऱ्याच्या जमिनीत लावल्यास ती सहज जीव धरते. बियांपासूनही रोपे होतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘कोकण रुचिरा’ आणि तमिळनाडूतील ‘पीकेएम १’ हे वाण शेंगांसाठी प्रसिद्ध आहेत. त्यांचा पालाही खाता येतो. झाड कमरेएवढे झाले की शेंडा खुडावा. त्यामुळे बाजूच्या फांद्या फुटतात आणि पाला हाताशी येतो. पाणी साचणारी जागा टाळावी.

शेवग्याचे लाकूड ठिसूळ असते. मुलांना झाडावर चढू देऊ नये; आकडी लावलेल्या काठीने किंवा वेळेवर छाटणी करून पाला काढावा. पावसाळ्यात खोडावर केसाळ सुरवंट जमतात. पाला खावयाचा असल्याने त्यावर विषारी औषधे फवारू नयेत. मुळी व साल मात्र घरगुती औषध म्हणून खाऊ नये. त्यांत अपायकारक द्रव्ये असतात आणि गरोदर स्त्रियांना त्यांपासून विशेष धोका संभवतो. मधुमेह वा रक्तदाब शेवग्याने बरा होतो असे सांगितले जाते. पण त्यावर विसंबून चालू औषध बंद करणे धोक्याचे ठरेल.

गावाने काय करावे ?

अंगणवाडीच्या आवारात दोन, शाळेच्या परसबागेत चार आणि ग्रामपंचायतीच्या मोकळ्या जागेत काही झाडे लावण्यास वेगळ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. गावातील एका झाडाची छाटणी झाली तरी तिच्यातून पुष्कळ फांद्या लावणीस मिळतात. ग्रामपंचायत सदस्यांनी जूनपूर्वी जागा व कुंपण निश्चित करावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडे झाडांची जबाबदारी सोपवावी आणि माध्यान्ह भोजनाच्या आमटीत आठवड्यातून एक-दोन वेळा हा पाला पडेल, असे पाहावे. सप्टेंबरमधील पोषण महिन्यात अंगणवाडीत माता-पालकांसमोर भाजी प्रत्यक्ष शिजवून वाढावी. भाषणापेक्षा एका घासाने अधिक पटते. गाव आरोग्य व पोषण समितीच्या बैठकीत या झाडांचा आढावा नियमित घेतला जावा.

तमिळनाडू व केरळात शेवग्याच्या पाल्याच्या जुड्या इतर पालेभाज्यांप्रमाणेच बाजारात विकल्या जातात. ‘मोरिंगा’ हे या झाडाचे शास्त्रीय नावही तमिळमधील ‘मुरुंगई’ या शब्दावरून आले आहे. आपल्याकडेही झाड आहे, भाकरी आहे, फोडणीची रीतही घरोघरी आहे. शेंगा उतरविताना जो पाला आजवर झाडाखाली पडत आला, तो उचलून स्वयंपाकघरात नेणे, एवढेच काय ते उरले आहे.