तोंड उघडे ठेवून झोपणारे मूल

ताम्हिणीकडून ढग उतरले की मुळशीतल्या घरांच्या भिंतींची ओल सप्टेंबर सरेपर्यंत हटत नाही. कपडे चुलीच्या धगीवर वाळवावे लागतात आणि लहान मुलांची नाके वाहत असतात. बहुतेकांची सर्दी आठ-दहा दिवसांत जाते. काही मुलांचे नाक मात्र दिवाळी आली तरी मोकळे होत नाही. मूल तोंड उघडे टाकून झोपते, मोठ्या माणसासारखे घोरते. घरचे कौतुकाने म्हणतात, ‘आजोबांवर गेलाय!’ अशा मुलाच्या नाकामागे एकदा पाहायला हवे.

नाकाची पोकळी संपून घसा सुरू होतो तिथे, पडजिभेच्या वर आणि मागे, टॉन्सिलच्याच जातीचा एक मऊ पुंजका असतो. त्याला अ‍ॅडेनॉइड म्हणतात. टॉन्सिल ‘आ’ केल्यावर दिसतात. ही ग्रंथी आड असल्याने दिसत नाही. ती प्रत्येक मुलाला असतेच. जंतूंशी लढण्यात तिचा वाटा असतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या वर्षापर्यंत ती मोठी असते, पुढे आपोआप आक्रसते. पण वारंवारची सर्दी, अ‍ॅलर्जी, चुलीचा किंवा विडीचा धूर यांमुळे ती सुजून राहिली की नाकाची मागची वाट बुजते. (हिंजवडी-माणच्या बाजूला चूल गेली असेल, पण बांधकामाची धूळ आली.)

खरी काळजी कानाची. कानाच्या पडद्यामागच्या पोकळीत हवा नेणारी बारीक नळी याच जागी उघडते. ती दाबली गेली की पडद्यामागे चिकट पाणी साठते. बहुधा दुखत नाही, पूही येत नाही. फक्त ऐकू कमी येते. मूल हाकेला ओ देत नाही, टीव्हीचा आवाज वाढवते, वर्गात गुरुजींचे अर्धे शब्द त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. मग ‘लक्ष नसते’, ‘ढ आहे’ असे शेरे आणि वर मारही बसतो. कोपनहेगनच्या विल्हेल्म मायर या डॉक्टरांनी 1868 मध्ये या ग्रंथीची वाढ आणि बहिरेपणा यांचा संबंध दाखवून दिला. तरी आपल्याकडे कान तपासण्याआधी कान पिळला जातो.

घरी एक साधी परीक्षा करता येते. मुलाला ‘मामा’ म्हणायला सांगा. ‘बाबा’सारखे ऐकू आले, तर नाक मागून बंद आहे असे समजावे. अशा उच्चारासाठी वेखंड चाटवून उपयोग नाही. दोष जिभेचा नसतो. रात्रीही नीट पाहा. घोरता घोरता श्वास काही क्षण थांबतो आणि मूल दचकून पुन्हा श्वास घेते का? झोप अशी तुटत राहिली तर मूल दिवसा चिडचिडे होते, काही मुले अंथरूणही ओले करतात. वर्षानुवर्षे तोंडाने श्वास घेतल्यास टाळू अरुंद होते, वरचे दात पुढे येऊ शकतात.

निदान कान-नाक-घसा तज्ज्ञ मानेच्या बाजूने काढलेल्या एक्स-रेवरून किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून करतात. ऐकण्याची तपासणीही करून घ्यावी. ग्रंथी मोठी दिसली म्हणजे लगेच शस्त्रक्रिया, असे नाही. मिठाच्या पाण्याचे थेंब, अ‍ॅलर्जीवर उपचार आणि डॉक्टरांनी दिलेला स्टेरॉइडचा नाकातला फवारा काही आठवडे नियमित वापरल्यास बऱ्याच मुलांना आराम पडतो. स्टेरॉइडच्या नावाला घाबरून फवारा मध्येच सोडू नये; त्याची मात्रा अगदी अल्प असते. उलट नाक चटकन मोकळे करणारे दुकानातले थेंब मुलांना स्वतःच्या मनाने देऊ नयेत. ते बरेच दिवस घातले तर नाक अधिकच चोंदते. नाकात तेल सोडण्याची चालही बंद करावी. ते फुप्फुसात उतरू शकते.

श्वास थांबत असेल, कानातले पाणी तीन महिने हटत नसेल किंवा औषधांनी भागत नसेल, तर ग्रंथी काढण्याचा विचार होतो. पूर्ण भूल देऊन तोंडावाटे ती काढतात. बाहेर टाका पडत नाही. गरज पडल्यास त्याच वेळी कानाच्या पडद्यात बारीक नळी बसवतात. ‘ग्रंथी काढली तर प्रतिकारशक्ती जाईल’ ही भीती आयांना फार असते. शरीरात असे काम करणाऱ्या ग्रंथी इतरही पुष्कळ आहेत. फार लहान वयात काढल्यास ती क्वचित पुन्हा वाढते, हे मात्र खरे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (2013 पासून) अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणी पथक येते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, घोरण्याची आणि कानाची तक्रार आपणहून सांगा. पौडच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवून पुढे पुण्याच्या ससूनमधील कान-नाक-घसा विभागात जाता येते. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे.

शस्त्रक्रियेनंतर घाटापलीकडच्या गावी लगेच परतण्याची घाई नको. पहिली रात्र पुण्यातच काढावी. मूल सारखे गिळत असेल, लाल रक्ताची उलटी झाली किंवा नाकातून रक्त थांबत नसेल, तर सकाळची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.